बिबड्या उन्हात, जाहिरात मोबाइलवर

ही कृती जळगाव-धुळ्याकडे घरच्या घरी बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया आणि काळा मसाला करून विकणाऱ्या बचतगटांसाठी आहे. एकटी बाई करत असेल तरी चालेल. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं: एक गावातलं, दुसरं पुणे, नाशिक, कल्याण, सुरतेला पोटापाण्यासाठी गेलेलं खान्देशी कुटुंब. खरा धंदा दुसऱ्यात आहे. जळगावात उन्हाळ्यात गच्चीगच्चीवर बिबड्या वाळत असतात, तिथे विकत घेणार किती? सुरतेला उधना-लिंबायतमध्ये राहणाऱ्यांकडे बिबड्यांचा घाटा (शिजवलेलं ज्वारीचं पीठ) करायला पातेलं असतं, पण बिबड्या टाकायला गच्ची नसते.

साहित्य: एक स्मार्टफोन, धंद्यापुरतं वेगळं सिमकार्ड, व्हॉट्सॲप बिझनेस (फुकट मिळतं), यूपीआयचा क्यूआर, एफएसएसएआय नोंदणीचा 14 अंकी क्रमांक आणि एक फुलस्केप वही. तयारी माघातच उरका. फाल्गुनात ऊन तापलं की पिठाचे हात फोनला लावायला सवड नसते.

1. आधी नंबर. घरचा नंबर देऊ नका. रात्री अकराला मसाल्याचा भाव विचारणारे कमी नसतात. नव्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. भारतात ते जानेवारी 2018 मध्ये आलं आणि कॅटलॉगची सोय 2019 च्या अखेरीस मिळाली. आजही पुष्कळ जण कॅटलॉग रिकामा ठेवतात. त्यात प्रत्येक जिन्नस वजनासह आणि दरासह टाका, पार्सलचा खर्च वेगळा दाखवा. 'दरासाठी संपर्क करा' असं लिहिलं की निम्मी गिऱ्हाइकं तिथेच परततात. रात्री नऊनंतर आपोआप उत्तर जाईल असा निरोप लावून ठेवा: 'सकाळी आठनंतर कळवते.'

2. समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला पाहिजे. सगळी मदार यावर आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, पण निरोप पोचतो तो तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच. स्टेटसला तर दोघांनीही एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले लागतात. म्हणजे तुमच्याकडे हजार नंबर आहेत याला काही अर्थ नाही. तुमचा नंबर किती जणांकडे आहे ते महत्त्वाचं. म्हणून प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी टाका. एका बाजूला क्यूआर, दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत नंबर आणि सेव्ह करायचं नाव: 'बिबड्यावाल्या ताई, पारोळा' असं काहीतरी. नाव तुम्हीच सुचवा, नाहीतर लोक 'पापड 2' म्हणून सेव्ह करतात आणि पुढच्या वर्षी शोधत बसतात.

चिठ्ठीवर 'मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करतो' हेही छापा. आजीला क्यूआर जमत नाही, मिस्ड कॉल जमतो. 2013 साली हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडात 'कान खजूरा टेसन' चालवलं ते याच युक्तीवर: लोकांनी मिस्ड कॉल द्यायचा, कंपनीने उलट फोन करून गाणी ऐकवायची आणि मधे जाहिराती घालायच्या. फोन साधा होता, खर्च कंपनीचा होता, लोकांनी आनंदाने ऐकलं.

3. वही. नाव, सध्याचं शहर, मूळ तालुका, काय घेतलं, कधी घेतलं, असे रकाने आखा. शेवटचा रकाना परवानगीचा: 'नवा माल आला की कळवू का?' हो म्हणाले तर खूण करा. नाही म्हणाले तर यादीत घेऊ नका, मग ती तुमची सख्खी मावशी असली तरी.

कुणीतरी येईल आणि 'पुण्याचे पाच हजार नंबर देतो' म्हणेल. घेऊ नका. मोबाइलवरच्या जाहिरातींनी या देशात आपली पत घालवली ती याच रस्त्याने. नंबरांच्या याद्या विकल्या गेल्या आणि प्लॉट, कर्ज, लॉटरीचे एसएमएस दिवसभर वाजू लागले. शेवटी दूरसंचार नियामक ट्रायने 2018 चे नियम आणले. आता घाऊक एसएमएस पाठवायचे तर नोंदणी लागते, निरोपाचा मसुदाही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. साध्या दहा आकडी नंबरावरून असा मारा केला आणि लोकांनी 1909 वर तक्रारी केल्या, तर सिम बंद पडू शकतं. शिवाय 2023 चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहेच. एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा वहीतले दीडशे नंबर बरे.

4. चित्रफीत. पॉलिथिनच्या पिशवीतल्या पापडाचा फोटो कुणी थांबून पाहत नाही. सकाळी सातच्या आत गच्चीवर जा, ऊन तिरपं असतं तेव्हा. फोन आडवा नको, उभा धरा. वाफाळत्या घाट्याचा गोळा ओल्या कापडावर पडतो, हात पाण्यात बुडतो, बोटं मधून कडेकडे थापत जातात, तीळ आणि लसणाचे कण वर दिसू लागतात. एवढंच घ्या, वीस-पंचवीस सेकंद. चेहरा दाखवायचा नसेल तर नका दाखवू, बांगड्यांचा आवाज पुरतो. वरून सिनेमाचं गाणं लावू नका. दुसरी फीत संध्याकाळी: वाटीभर घाटा, मधे खळगा करून ओतलेलं शेंगदाण्याचं तेल. हा घाटा विकायचा नसतो, पण पुण्यात बसलेल्या माणसाचा हात ऑर्डरीकडे वळतो तो ही फीत पाहूनच.

तिसरी गोष्ट रुक्ष आहे, पण टाळू नका: पुडक्याच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो. त्यावर घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे.

5. बोली. वहीत मूळ तालुका का लिहिला ते इथे कळेल. धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडच्या माणसाला अहिराणीत लिहा: 'बिबड्या तयार शेतस. किती धाडू?' उत्तर लगेच येतं. अहिराणी गाणी मोबाइलवरून गावोगाव पोचली. या भाषेला फोनवर आता कुणी लाजत नाही. पण रावेर, यावल, फैजपूरकडे लेवा गणबोली चालते. तिकडच्या माणसाला अहिराणी निरोप गेला तर तो हसून सोडून देईल किंवा चिडेल. बोली येत नसेल तर सरळ साधी मराठी लिहा. आणि दर, वजन, पत्ता हे सगळ्यांनाच प्रमाण मराठीत.

6. वेळ. वर्षात दोन मोके धरा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तीन आठवडे आधी पहिला निरोप, म्हणजे माहेरी येणाऱ्या लेकी परत जाताना घेऊन जातील. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सुरत-पुण्याची माणसं गावी येतात. तेव्हा काळा मसाला पुढे करा आणि नव्या चिठ्ठ्या वाटा. अधेमधे महिन्याला दोनपेक्षा जास्त निरोप नकोत. रोज 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्या दुकानाला लोक ब्लॉक करतात, आणि मग खरा निरोपही जात नाही. स्टेटस मात्र रोज ठेवा, ते कुणाच्या अंगावर जात नाही.

7. पैशांची जाहिरात. यादी शंभराच्या पुढे गेल्यावरच. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात देताना 'महाराष्ट्र' निवडू नका. सुरत, पिंपरी-चिंचवड, नाशिक अशी एक-दोन ठिकाणंच निवडा. बटण दाबल्यावर थेट व्हॉट्सॲप उघडेल असा पर्याय घ्या. दिवसाला शंभर-दोनशे रुपये, पाच दिवस. ज्याची ऑर्डर येईल त्याला विचारा, 'कुठे पाहिलं?' आणि वहीत लिहा. जाहिरातीवरून आलेल्या ऑर्डरींचा नफा खर्चापेक्षा कमी असेल तर बंद करा, मग लाइक कितीही आलेले असोत.

8. पैसे आणि पार्सल. आधी पैसे, मग माल. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट खरा मानू नका, स्वतःच्या खात्यात जमा दिसले पाहिजेत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. 'लष्करी छावणीतून बोलतोय, पन्नास किलो पाठवा, हा क्यूआर स्कॅन करा' हा फोन ठगाचा. बिबड्या मोडतात, म्हणून साध्या पिशवीत नकोत. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, मधे वर्तमानपत्राच्या घड्या घालून भरा. पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दिलं तर गाडीचा नंबर आणि उतरण्याचं ठिकाण लगेच गिऱ्हाइकाला पाठवा.

9. मृग लागला की यादीला बिबड्यांचा शेवटचा निरोप: माल संपला, पुढच्या हंगामासाठी नाव लिहायचं असेल तर किलो कळवा. जी उत्तरं येतील त्यावरून माघात ज्वारी किती भरायची ते ठरवा. दोन हंगाम ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांची नावं यादीतून काढा.