मुलाखत देणाऱ्यास काय म्हणावे?



गावातील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती मुलांकडून घेवविण्याचा उपक्रम आपल्या बहुतेक शाळांतून होत असतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः त्यासाठी एक तक्ता करून माझ्या बीटमधील शाळांना दिला होता. त्यात एका बाजूस ‘मुलाखतकार’ व दुसऱ्या बाजूस ‘उमेदवार’ असे रकाने होते. पाचवीतील एक मुलगी तो घेऊन गावच्या वृद्ध कुंभाराकडे गेली. म्हातारबुवांनी नातवाकडून तक्ता वाचून घेतला आणि म्हणाले, “पोरी, म्या कसला उमेदवार? मला काय चाकरी मागायची हाय?” मुलगी निरुत्तर होऊन परतली. तिच्या गुरुजींनी हे सांगितले तेव्हा चूक माझी होती हे मला कबूल करावे लागले.

‘उमेद’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ आशा. पदाची आशा धरून आलेला तो उमेदवार. पूर्वी कचेरीत विनावेतन काम शिकणाऱ्यासही उमेदवारच म्हणत. भरतीत वा निवडणुकीत हा शब्द शोभतो. आमचा कुंभार मात्र काही मागत नव्हता, देत होता.

‘मुलाखत’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ नुसती भेट एवढाच आहे. बखरींतून दोन सरदारांची मुलाखत होते ती याच अर्थाने. तेथे एकाने विचारावे व दुसऱ्याने सांगावे असा भेद नाही. (हिंदीत आपल्या मुलाखतीस ‘साक्षात्कार’ म्हणतात. आपल्याकडे साक्षात्कार संतांना होतो, नोकरीच्या उमेदवारांना नव्हे!) मराठीने या भेटीस ‘घेणे’ आणि ‘देणे’ ही क्रियापदे जोडली आणि तिला दोन बाजू आल्या.

घेणारा तो मुलाखतकार. चित्रकार, कीर्तनकार यांतील ‘कार’ म्हणजे करणारा. कित्येक मुले उत्तर देणाऱ्यासही ‘मुलाखतकार’ लिहितात. ती चूक तेथल्या तेथे दुरुस्त करावी. देणाऱ्यासाठी कोणी ‘मुलाखतार्थी’ सुचवितात. पण विद्यार्थी, परीक्षार्थी यांप्रमाणे तोही इच्छा धरणाराच झाला, म्हणजे पुन्हा उमेदवार! ‘मुलाखतदाता’ अर्थाने निर्दोष आहे. परंतु कानाला जड लागतो, आणि आजीबाईंपुढे ‘मुलाखतदात्री’ म्हणण्याची वेळ आली तर मुलांना हसू आवरणार नाही. माझ्या मते ‘मुलाखत देणारे’, ‘मुलाखत देणाऱ्या’ हेच उत्तम. दोन शब्दांनी काम होते तेथे एकाच शब्दाचा हट्ट कशाला?

फळ्यावर दोन वाक्ये लिहून द्यावीत: ‘सुमनने आजोबांची मुलाखत घेतली.’ ‘आजोबांनी सुमनला मुलाखत दिली.’ पहिल्या वाक्यात ‘आजोबांची’ ही षष्ठी आहे, तरी प्रश्न आजोबांनी विचारलेले नाहीत, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. मुले येथे हमखास अडखळतात. म्हणून घाई करू नये.

ती मुलगी पुढे पुन्हा कुंभाराकडे गेली. जाताना तिने ‘उमेदवार’ खोडून आपल्या हाताने ‘सांगणारे आजोबा’ असे लिहिले होते. माती मळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंतची दोन पाने मजकूर तिने आणला.

नव्या तक्त्यात तो रकाना ‘मुलाखत देणारे’ असा केला आहे. ज्यांच्याकडे जुने तक्ते शिल्लक असतील त्यांनी वाटण्यापूर्वी तेवढी दुरुस्ती शाईने करून घ्यावी.