फ्रायबर्गचा हिवाळा आणि नाताळचे बाजार



साठी उलटली की माणसाने आराम करावा, असे आपण समजतो. परंतु अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या ‘लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती संप्रदायात अनेक निवृत्त जोडपी 6 ते 23 महिने परदेशी जाऊन सेवा करतात. यांना ज्येष्ठ मिशनरी दांपत्य म्हणतात. यांना पगार नसतो, खर्च बहुतांशी स्वतःचाच असतो. कोणी कार्यालय सांभाळतात, कोणी मदतकार्य करतात, कोणी मंदिरात सेवा देतात. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे त्यांचे असे एक मंदिर आहे. ते 1985 मध्ये, तेथे साम्यवादी राजवट असतानाच उघडले गेले.

अशा आजी-आजोबांची पहिली परीक्षा घेतो तो तिथला हिवाळा. आपले इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे, म्हणून आपला सर्वांत लहान दिवसही सुमारे 10 तास 40 मिनिटांचा असतो. फ्रायबर्ग जवळजवळ 51 अंश उत्तरेस आहे. तिथे डिसेंबरात सूर्य सकाळी आठला उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. नवी भाषा, निसरडे रस्ते, नातवंडे दूर आणि चारलाच काळोख! अशा वेळी माणसांत मिसळायला सर्वांत सोपी जागा म्हणजे गावच्या चौकातला नाताळचा बाजार.

हे बाजार नाताळच्या सुमारे चार आठवडे आधी सुरू होतात. फ्रायबर्गजवळच्या ड्रेस्डेन शहराच्या बाजाराची पहिली नोंद 1434 ची आहे. सुकामेवा घातलेला ‘श्टोलन’ हा तिथला प्रसिद्ध गोड पाव. पूर्वी उपवासाच्या काळात लोणी वर्ज्य असल्यामुळे तो तेलात करीत व बेचव लागे. 1491 मध्ये पोपने पत्र पाठवून लोणी वापरण्याची परवानगी दिली, तेव्हा त्याला चव आली. बाजारात मसाला घालून गरम केलेली वाइन मिळते. हे दांपत्य मद्य, चहा, कॉफी घेत नाही, पण मुलांसाठी केलेले गरम फळांचे पेय त्यांनाही चालते. पेय पक्क्या मगात देतात व मगाची अनामत रक्कम आधी घेतात. मग परत केला की पैसे परत, म्हणून कचरा होत नाही. स्वच्छतेत नाव कमावलेल्या आपल्या शहराने ही युक्ती अवश्य पाहावी.

आता मुख्य गोष्ट. फ्रायबर्गला 1168 मध्ये चांदी सापडली आणि त्या डोंगराळ प्रदेशात खाणी वाढल्या. हिवाळ्यात खाणकामगार अंधारात खाली उतरे व अंधार पडल्यावरच वर येई. म्हणून तिथे उजेडाला फार मोल. घरोघरी खिडकीत दिव्यांची लाकडी कमान ठेवतात. मुलगा असेल तर खाणकामगाराची आणि मुलगी असेल तर देवदूताची बाहुली मांडण्याचीही रीत आहे.

पुढे खाणी आटल्या. तेव्हा झायफेन गावच्या कामगारांनी लाकूडकाम धरले. ओल्या लाकडाचे कडे चरकावर असे कातायचे, की त्याचा छेद घोड्याच्या किंवा गाईच्या आकाराचा होईल. मग केक कापावा तसे त्याचे काप काढायचे. एका कड्यातून डझनावारी प्राणी! कातताना आतला आकार दिसत नाही. कारागीर केवळ हाताच्या अंदाजावर काम करतो. ही विद्या पुस्तकातून येत नाही, वडीलधाऱ्यांजवळ बसूनच येते. आज या बाजारांमुळेच अशा कारागिरांच्या मालाला गिऱ्हाईक मिळते.

आपल्या इंदूरच्या कापड गिरण्याही बंद पडल्या. त्या घरांतील किती मुलांच्या हाती दुसरा हुन्नर आला, याचा विचार आम्ही शिक्षकांनी, पालकांनी व विश्वस्तांनी मिळून करायला हवा. शाळेत आठवड्यातून एक तास हस्तकलेचा असावा आणि तो शिकवायला आपल्याच समाजातील आजी-आजोबांना बोलवावे, असे आम्हांस वाटते. जे यायला तयार असतील त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.

करून पाहा:
1. तिथे मेणबत्त्यांवर फिरणारा लाकडी मनोरा असतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिरकी पाती फिरवते. कागदाची चक्री करून मोठ्यांच्या देखरेखीखाली दिव्याच्या बऱ्याच वर धरा आणि निरीक्षण लिहा.
2. दिनांक 21 डिसेंबरला इंदूरचा सूर्योदय व सूर्यास्त स्वतः पाहून नोंदवा.
3. घरातील आजी-आजोबांना येणारी एक कला विचारा, शिका व त्यावर दहा ओळी मराठीत लिहा.