दरडीवरचा पेपर कुठे पाठवावा?

१. जर्नल निवडणं म्हणजे वाचक निवडणं, हे मला रायगड जिल्ह्यात उमरठ परिसरातल्या उतारांवर काम करताना उमगलं. २२ जुलै २०२१ ला महाडचं तळिये दरडीखाली गेलं. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. तान्हाजींचं उमरठ तिथून जवळच. बेसाल्टवरच्या झिजलेल्या मातीत पाणी कसं मुरतं, हे मोजून लिहिलं, तर ते उतारांचा अभ्यास करणाऱ्यांइतकंच इथे घर बांधणाऱ्यांनाही मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

२. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, आपल्या पेपरचा नसतो. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला, एवढंच तो सांगतो. मला माझ्याच संदर्भसूचीने जास्त मदत केली. ज्या लेखांवर माझं काम उभं होतं ते ‘नॅचरल हझार्ड्स’, ‘लँडस्लाइड्स’, ‘जर्नल ऑफ अर्थ सिस्टीम सायन्स’मध्ये होते. वाचकही तिथेच असणार.

३. जर्नल विश्वासार्ह आहे का, हे ठरवायला यादीवर विसंबणं सोपं होतं. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, आणि पारख आपल्याकडे आली. मी संपादक मंडळात दरडींवर काम केलेलं कुणी आहे का ते पाहतो, आणि लेख आल्याची व स्वीकारल्याची तारीख छापतात का तेही. चार दिवसांत छापून देऊ म्हणणाऱ्यांना उत्तर देत नाही.

४. पेपर सगळ्यांना वाचायला खुला ठेवण्याची किंमत मोठी असते. मोठ्या प्रकाशकांकडे ती लाखांत जाते. जर्नलांची वर्गणी सरकारने भरण्याची योजना, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, २०२५ पासून सुरू झाली, त्यामुळे सरकारी विद्यापीठांतल्या मुलांची सोय झाली. ग्रामपंचायत मात्र त्यात नाही. म्हणून १९३२ पासून निघणारं, कुणालाही फुकट वाचता येणारं ‘करंट सायन्स’ मला जवळचं वाटतं. दुसरीकडे पाठवायचं तर स्वीकृत मसुदा खुल्या संग्रहात ठेवू देतात का, हे आधीच वाचून घेतो.

५. योग्य जर्नलमध्ये योग्य परीक्षक भेटतो, आणि तो काम वाढवतो. माझ्या परीक्षकाने एकच विचारलं: पाऊस कुठल्या केंद्रावर मोजला? तालुक्याच्या गावी पडणारा पाऊस आणि घाटाखालच्या वाडीवर पडणारा पाऊस यांत फार अंतर. मी पुन्हा वाड्यांवर गेलो. कुठला झरा गढूळ झाला, कुठल्या बांधाला आधी भेग पडली, हे तिथल्या बायकांनी क्रमवार सांगितलं. माझ्या आलेखात यातलं काहीच नव्हतं. त्या नोंदी पेपरच्या मुख्य तक्त्यात घेतल्या आणि सुधारित मसुदा त्याच जर्नलला पाठवला.