बटणाला डावं-उजवं कळत नाही

दिवाळी अंकाची आठ दिवसांची पानं माझ्या हातून गेली, असं आमच्या प्रकाशकांकडे अजून सांगितलं जातं. क्लिक माझ्याच बोटानं झालं, ते मी नाकारत नाही. पण ज्या बटणावर झालं ते मी बनवलेलं नव्हतं, आणि त्यावरचं चित्र चक्क खोटं बोलत होतं. हे एकदा कुठेतरी लिहून ठेवायचं होतं.

टोटल कमांडर, म्हणजे शेजारशेजारच्या दोन चौकटींत फाइली दाखवणारं सॉफ्टवेअर, मी काल-परवा हातात घेतलेलं नाही. ते विंडोज कमांडर होतं तेव्हापासून वापरतोय. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज' या नावावरच्या हक्कापायी २००२ मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं, तेव्हाही माझ्या मशीनवर तेच होतं. एफ५ म्हणजे कॉपी, एफ६ म्हणजे हलवणं, टॅब दाबला की या चौकटीतून त्या चौकटीत. हे सगळं बोटांना पाठ असल्यामुळे वरच्या बटणांच्या पट्टीकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. प्रकाशकांच्या भाच्यानं मात्र पाहिलं.

"काका, अजून हातानं कॉपी करता? थांबा, एक बटण करून देतो."

पाच मिनिटांत झालं. पट्टीत नवं बटण घातलं, कमांडच्या खान्यात रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करणारी कमांड लिहिली, पॅरामीटरच्या खान्यात आणखी काहीबाही, आणि आयकॉन म्हणून एक हिरवागार बाण, डावीकडून उजवीकडे जाणारा. डाव्या चौकटीत अंकाचं फोल्डर, उजव्या चौकटीत बाहेरची हार्ड डिस्क. दर शनिवारी बटण दाबायचं, बॅकअप तयार. आत काय लिहिलंयस, असं मी दोनदा विचारलं. "ते टेक्निकल आहे काका, तुम्हाला त्याचं काय?" हे वाक्य मी विसरणार नाही.

दोन शनिवार सुरळीत गेले. तिसऱ्या शनिवारी जाहिराती येत होत्या, बटण दाबायचं राहिलं. रविवारी सकाळी आठवलं. डिस्क जोडली, ती लवकर दिसेना. दिसली तेव्हा त्यातलं फोल्डर नीट उघडतंय ना, हे बघायला उजव्या चौकटीत एकदा क्लिक केलं आणि मग हिरवा बाण दाबला.

काळी खिडकी उघडली, ओळी धावू लागल्या. बऱ्याच ओळींआधी 'एक्स्ट्रा फाइल', 'एक्स्ट्रा फाइल'. मला बरं वाटलं, हो, चक्क बरं वाटलं. म्हटलं, आठवडाभरात किती जादा काम झालंय, सगळं एकेक करून जमा होतंय. चहा घेत मी ते बघत बसलो. खिडकी आपोआप बंद झाली.

मग अनुक्रमणिकेचं पान उघडलं. बुधवारी काढून टाकलेला एक लेख पुन्हा तिथे येऊन बसला होता, जुन्या पान नंबरासकट. आधी वाटलं, चुकून जुनी फाइल उघडली. बंद करून पुन्हा उघडली. लेख तिथेच. जाहिरातींचं फोल्डर उघडलं, तर ते नव्हतंच. मुलाखतीची पानं नव्हती. ज्या फाइली होत्या त्यांच्या तारखा दुसऱ्या शनिवारपर्यंतच्या. तेव्हा कळलं की 'एक्स्ट्रा' म्हणजे 'जादा झालेलं, म्हणून पुसायचं'. माझं आठ दिवसांचं काम त्या यंत्राच्या हिशेबात जादा होतं.

झालं होतं ते असं. टोटल कमांडरच्या बटणाला डावं आणि उजवं माहीतच नसतं. टक्क्याचं चिन्ह आणि पी लिहिलं की सध्या ज्या चौकटीत आपण आहोत ती जागा. टक्का आणि टी लिहिलं की समोरची. मी डिस्क बघायला उजवीकडे क्लिक केलं त्या क्षणी उजवी बाजू मूळ झाली आणि डावी नक्कल. त्यात भाच्यानं एम-आय-आर हा पर्याय घातला होता. त्याचा अर्थ आरसा: मुळात जे नाही ते समोरूनही काढून टाक. रोबोकॉपीला वेगळं बजावलं नाही, तर ती जुनी फाइलही नव्या फाइलीवर बिनदिक्कत चढवते. आणि जे पुसते ते रिसायकल बिनमध्ये जात नाही. प्रोग्रामचा दोष शून्य. हे सगळं त्याच्या मदत-पानांत लिहिलेलं आहे. दोष त्या बाणाचा, कारण काम कुठल्याही दिशेनं झालं तरी तो उजवीकडेच दाखवत राहिला.

भाच्याला फोन केला. आला. पहिलं वाक्य, "काका, बटणानं बरोबरच काम केलं. तुमची बाजू चुकली." दुसरं वाक्य, "घाबरू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकतो." आणि ते त्यानं टाकलं कुठे, तर ज्या ड्राइव्हवरून फाइली गेल्या होत्या, त्याच ड्राइव्हवर! पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी समजली जाते, तिथे नवं काही लिहिलं की उरलंसुरलंही जातं. हे मला नंतर कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसानं सांगितलं. त्यानं सांगितलं तेव्हा भाचा शेजारी उभा राहून मोबाइल बघत होता.

दोन फर्मे छपाईला गेले होते, ते वाचले. लेखकांना ईमेलनं पाठवलेली प्रूफं होती. बाकीची पानं तीन रात्री जागून पुन्हा लावली. जाहिराती पुन्हा मागवताना काय काय ऐकून घेतलं, ते इथे लिहीत नाही.

आता तुमच्यासाठी.

दुसऱ्यानं बनवलेलं बटण वापरण्याआधी त्यावर राइट-क्लिक करून 'चेंज' उघडा आणि आतली ओळ वाचा. समजली नाही तर बनवणाऱ्याकडून समजून घ्या. त्यानं 'टेक्निकल आहे' म्हटलं तर बटण काढून टाका.

पॅरामीटरच्या खान्यात सगळ्यात आधी प्रश्नचिन्ह टाका. एवढ्या एका चिन्हानं माझे आठ दिवस वाचले असते. मग बटण दाबल्यावर काम थेट सुरू होत नाही. कुठून कुठे ते पूर्ण पत्त्यांसकट समोर येतं आणि तिथून मागे फिरता येतं.

दिशा कायम एकच हवी असेल तर टक्के वापरू नका, दोन्ही पत्ते पूर्ण लिहा. पण बाहेरच्या डिस्कचं अक्षर आज एक, उद्या दुसरं असू शकतं. ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन कायमचं ठरवून घ्या.

फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पत्ता अवतरणचिन्हांत लिहावा लागतो. टोटल कमांडर पत्त्याच्या शेवटी उलटी तिरकी रेघ जोडतं आणि ती रेघ पुढच्या अवतरणचिन्हाला गिळते. मग रोबोकॉपी भलत्याच चुका दाखवते. पी आणि टी यांच्यानंतर, अवतरण बंद करण्याआधी एक पूर्णविराम द्या. या एका टिंबात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

नव्या बटणात आधी एल हा पर्याय घालून बघा. मग रोबोकॉपी काय करणार ते नुसतं सांगते, करत नाही. त्याहून बरं म्हणजे कमांड्स मेनूमधलं फोल्डर जुळवण्याचं साधन. तिथे प्रत्येक फाइलीपुढे तिचा स्वतःचा बाण दिसतो, आणि तो बाण खरा असतो.

पुसणारी बटणं रोजच्या बटणांना चिकटून ठेवू नका. मध्ये रिकामं बटण टाकलं की दुभाजक तयार होतो. पट्टी मनासारखी लागली की डिफॉल्ट डॉट बार आणि विनसीएमडी डॉट आयएनआय या फाइलींची प्रत काढून ठेवा; आयएनआय फाइल कुठे आहे ते हेल्पमधल्या अबाउटमध्ये दिसतं.

आणि आरशाला बॅकअप म्हणू नका. आरशात तुमची चूकही जशीच्या तशी दिसते. बाकी दोन ठिकाणी प्रती ठेवा, घाई करू नका, वगैरे सगळे सांगतातच; मीही सांगतो.

अंक वेळेवर निघाला. श्रेयनामावलीत 'तांत्रिक साहाय्य' म्हणून भाच्याचं नाव आहे. प्रकाशकांनी सांगितलं होतं. ती ओळ मीच लावली.