अंगणातील वीजवाहिनी

१९१५ साली खोपोलीची वीज तारांवरून मुंबईस पोहोचली. हे वहन मुलांस शाळेच्या अंगणात दाखविता येते.

१० मीटर अंतरात बांबूच्या काठ्या रोवून त्यांवर केसासारख्या बारीक तांब्याच्या दोन तारा ओढाव्यात. टोकांचे रोगण खरवडावे. एकामागे एक जोडलेल्या २ कोरड्या घटांवर विजेरीचा २.५ व्होल्टांचा तंतूचा दिवा जवळ लख्ख, पण दूरच्या टोकाशी मंद दिसतो. काही शक्ती तारांत उष्णतारूपाने जाते. दिवा दूरच ठेवून घट ४ करावेत, तो उजळतो. दाब दुप्पट असता तेवढ्याच शक्तीस निम्मा प्रवाह पुरतो व तारांतील नाश चतुर्थांश होतो, हे फळ्यावर मांडावे.

घरातील २३० व्होल्टांची वीज या तारांस कदापि जोडू नये. तुटून पडलेल्या तारेपासून दूर राहून मोठ्यांस कळवावे, हेही मुलांच्या मनावर ठसवावे.