तबकडीवरचे नाव : एका लहान घड्याळनिर्मात्याचा अभ्यास

इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांती शिकविताना आम्ही वाफेचे यंत्र, कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी यांवर दोन-दोन तास घालवितो आणि घड्याळाचा उल्लेख एका वाक्यात उरकतो. अठराव्या शतकात लंडन हे घड्याळनिर्मितीचे जगातील अग्रगण्य केंद्र होते. पुढे तेथे हा धंदा जवळजवळ लोप पावला. मोठमोठे कारखाने बंद पडत असताना एका माणसाने स्वतःच्या नावाचे घड्याळ एकट्याने घडविण्यास सुरुवात केली, ही घटना आम्हांस अभ्यासण्याजोगी वाटते.

जॉर्ज डॅनियल्स यांचा जन्म 1926 सालचा. दरिद्री घर, खाणारी तोंडे पुष्कळ. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि गाद्यांच्या कारखान्यात काम करावे लागले. पुढे सैन्यात असताना सोबत्यांची घड्याळे ते दुरुस्त करीत. 1947 मध्ये लष्करातून परतल्यावर दिवसा दुरुस्तीचे काम आणि रात्री लंडनच्या क्लार्कनवेल भागातील नॉर्थम्प्टन इन्स्टिट्यूटमधील वर्ग, असा क्रम सुरू झाला. रात्रशाळेचे मोल आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. जुनी घड्याळे, विशेषतः अब्राहम-लुई ब्रेगे या थोर कारागिराची घड्याळे दुरुस्त करता करता त्यांनी ती आतून वाचली, आणि 1969 मध्ये स्वतःचे पहिले खिशातले घड्याळ पूर्ण केले.

वर्ष लक्षात घ्यावे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. बॅटरीवरचे घड्याळ चावीच्या घड्याळापेक्षा अचूक होते आणि पुढे स्वस्तही झाले. पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधील घड्याळ-कामगारांची संख्या सुमारे 90 हजारांवरून 30 हजारांच्या आसपास उतरली. आपल्याकडे एच.एम.टी.चे घड्याळ वडिलांनी लग्नात मिळालेले म्हणून जपून ठेवलेले असते. तो सरकारी कारखानाही अखेर टिकला नाही.

अशा काळात लहान घड्याळनिर्माता जगतो कसा? बहुतेक लहान ब्रँड आतले यंत्र स्विस वा जपानी कारखान्यातून तयार घेतात, पेटी आणि काटे दुसरीकडून करवून घेतात, आणि आपली रचना व आपले नाव त्यांवर घालतात. यात कमीपणा काही नाही. मात्र पुरवठादार दहा-वीस नग देत नाहीत. शेकड्यांनी घ्या म्हणतात. त्यामुळे पहिले घड्याळ विकले जाण्यापूर्वीच सारे भांडवल मालात अडकते. दुसरा मार्ग सारे स्वतः घडविण्याचा. त्यात माल अडकत नाही, पण आयुष्याची वर्षे अडकतात, आणि तेवढा काळ घरात चूल कशी पेटावी हा प्रश्न उरतोच. ब्रेगे यांनी 1797 मध्ये यावर एक तोड काढली होती. एकाच काट्याचे साधे घड्याळ योजून त्यांनी ग्राहकांकडून चौथा हिस्सा रक्कम आगाऊ घेतली आणि त्यातून काम चालविले. दोनशे वर्षांनी, 1999 मध्ये, एफ. पी. जूर्न या फ्रेंच कारागिराने आपल्या ब्रँडचा पाया याच पद्धतीने घातला. पहिली 20 घड्याळे वर्गणीदारांच्या आगाऊ पैशांतून तयार झाली. भिशी आणि वर्गणी यांवर संस्था उभ्या राहिलेल्या पाहिलेल्या आम्हां मंडळींना हा व्यवहार परका वाटू नये. आगाऊ घेतलेला पैसा म्हणजे दुसऱ्याच्या विश्वासाचे कर्ज. तो हाती आल्यावर खरी परीक्षा सुरू होते, कारण लहान निर्मात्याकडे मालाची तपासणी करणारा वेगळा विभाग नसतो. ‘हे बाहेर जाणार नाही’ असे म्हणणारा माणूस तोच, आणि ते घडविणाराही तोच.

डॅनियल्स या बाबतीत कठोर होते. प्रचलित घड्याळांतील एस्केपमेंट, म्हणजे स्प्रिंगची शक्ती ठोक्याठोक्याने सोडणारी यंत्रणा, हिच्यात एक जुना दोष होता. तिचे भाग एकमेकांवर घासतात म्हणून तेल लागते; तेल कालांतराने दाट होते आणि घड्याळाची चाल बिघडते. डॅनियल्स यांनी घर्षण कमी करणारी ‘को-ॲक्सिअल’ नावाची नवी रचना शोधली व 1980 मध्ये तिचे पेटंट घेतले. स्विस कंपन्यांचे दरवाजे त्यांनी वर्षानुवर्षे ठोठावले. 1999 मध्ये ओमेगाने ती रचना बाजारात आणली, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते.

परंतु ज्या प्रसंगासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, तो पुढचा आहे. बोल्टन गावचा रॉजर स्मिथ हा तरुण मँचेस्टरच्या घड्याळशाळेत शिकत असताना डॅनियल्स तेथे आले होते. त्यांना पाहून या मुलाने घड्याळ घडविण्याचा ध्यास घेतला. डॅनियल्स यांचे ‘वॉचमेकिंग’ हे 1981 सालचे पुस्तक समोर ठेवून त्याने दीड वर्षात एक खिशातले घड्याळ केले आणि ते आइल ऑफ मॅन बेटावर त्यांच्यापुढे नेऊन ठेवले. घड्याळ चालत होते. विशीतल्या मुलाने एवढे केले, यावर कोणीही पाठ थोपटली असती. डॅनियल्स यांनी मात्र सांगितले की हे हाताने केलेले दिसते, घडविणाऱ्याच्या हाताची खूण दिसता कामा नये, पुन्हा कर.

स्मिथ परतला. पोटासाठी दुरुस्तीची कामे करीत त्याने दुसऱ्या घड्याळावर पाच वर्षांहून अधिक काळ घालविला. केलेले भाग मनास येईनात तेव्हा टाकून दिले, पुन्हा केले. 1997 मध्ये ते घड्याळ घेऊन तो पुन्हा गेला. डॅनियल्स यांनी एकेक भाग दाखवून हा कोणी केला, तो कोणी केला असे विचारले. प्रत्येक वेळी उत्तर एकच: मी केला. तेव्हा कोठे त्यांनी त्याला घड्याळजी म्हणून मान्य केले. पुढच्याच वर्षी त्याला हाताखाली घेतले, आणि 2001 पासून स्मिथ यांची स्वतःची कार्यशाळा त्याच बेटावर चालू आहे. घड्याळाला लागणाऱ्या 34 कौशल्यांपैकी 32 एका माणसाने आत्मसात करावीत, ही डॅनियल्स यांची पद्धत तेथे पाळली जाते. अनेक वर्षे त्या कार्यशाळेतून वर्षाकाठी दहा-बाराच घड्याळे बाहेर पडत. त्यांची किंमत आज कोटी रुपयांच्या घरात जाते; ती आपल्यापैकी कोणाच्या मनगटावर येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. आम्हांस ती नकोतही. आम्हांस तो नकार हवा आहे.

याचे कारण सांगतो. आमच्याकडून शिकून गेलेला एक विद्यार्थी तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगचे दुकान चालवितो. फलकावर त्याचे स्वतःचे नाव आहे. मागे भेटला तेव्हा ‘जय भीम, सर’ म्हणून खुर्ची पुढे केली आणि चहा येईपर्यंत एक गोष्ट सांगितली. एका शेतकऱ्याची पंपाची मोटार त्याने भरून दिली. इन्सुलेशनचा कागद जरा हलका होता, पण चालेल म्हणून वापरला. आठ दिवसांत मोटार जळाली आणि ऐन पाण्याच्या पाळीत पीक अडचणीत आले. त्याने पदरचे तांब्याचे तार घालून ती पुन्हा भरली. मग तो हसत म्हणाला, “सर, तुम्ही माझी वही एकदाही परत केली नाहीत.”

हे खरे आहे. पोरगा मजुरी करणाऱ्या आईचा, सुट्टीत ऊसतोडीला जाणारा. त्याचा नकाशा अर्धा रंगविलेला असला तरी आम्ही ‘ठीक आहे’ असा शेरा देत असू. ती आमची दया होती. डॅनियल्स यांचा प्रसंग वाचताना प्रथम उमगले की त्या दयेत या मुलाकडून अधिक अपेक्षा नाही असाही एक अर्थ दडलेला होता, आणि तो अर्थ आपल्या समाजाला इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकविला आहे.

तरीही दुसरी बाजू नोंदविली पाहिजे. ‘पुन्हा कर’ म्हणणे सोपे. पुन्हा करण्यासाठी लागणारी पाच वर्षे स्मिथ यांना दुरुस्तीच्या कामाने दिली. आमच्या मुलाला घरची पहिली पगाराची तारीख वाट पाहू देत नाही. डॅनियल्स यांना हे ठाऊक असावे. 2011 मध्ये त्यांचे निधन झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या संग्रहाचा लिलाव होऊन आलेला पैसा त्यांच्या नावाच्या शैक्षणिक न्यासाकडे गेला. घड्याळविद्या, अभियांत्रिकी, वैद्यक आणि बांधकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून साहाय्य मिळते.

माजी विद्यार्थी संघाच्या येत्या सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. आय.टी.आय. करून स्वतःचे दुकान काढू पाहणाऱ्या दरवर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना हत्यारे आणि सहा महिन्यांचा घरखर्च संघाने द्यावा. त्यांचे काम पाहून ते परत करण्याचा अधिकार वाइंडिंगवाल्या त्या विद्यार्थ्याकडे असावा. त्याने होकार दिला आहे.