प्रशिक्षणापासून रोजगारापर्यंत : अनुदानित कौशल्य योजनांचे अर्थशास्त्र

ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी 'ट्रायसेम' ही योजना १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील १८ ते ३५ वयोगटातील युवक हे तिचे लाभार्थी होते. १ एप्रिल १९९९ रोजी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमासह ती स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन करण्यात आली. या प्रारंभीच्या टप्प्यात भर राहिला तो किती जणांना शिकविले यावर. शिकलेल्याच्या हाती मिळकत आली किंवा नाही, हा प्रश्न मागे पडला.

मुळात अशा प्रशिक्षणाचा खर्च शासनाने का उचलावा? गॅरी बेकर यांनी १९६४ च्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात सर्वसाधारण कौशल्य आणि विशिष्ट आस्थापनेपुरते कौशल्य यांत भेद केला. शिवणयंत्र चालविणे किंवा वीजजोडणी करणे ही कौशल्ये कोठेही उपयोगी पडतात. कामगार शिकून दुसरीकडे जाईल, या शक्यतेमुळे मालक त्यांवर खर्च करण्यास नाखूष असतो. हा खर्च कामगाराने करावा, असे सिद्धान्त सांगतो. परंतु भूमिहीन मजुराच्या मुलीला भावी वेतनाच्या तारणावर कर्ज कोण देणार? शिवाय शिकण्याच्या काळात बुडणारी मजुरी हाही खर्चच असतो आणि गरीब कुटुंबाला तो शुल्कापेक्षाही जड जातो. निवासी व विनामूल्य प्रशिक्षणाचे समर्थन येथे आहे.

२५ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर झालेल्या दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेने मोजमापाचा निकषच बदलला. प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्क्यांना नोकरी मिळवून देण्याचे बंधन अंमलबजावणी संस्थेवर घालण्यात आले आणि अनुदानाचे पुढचे हप्ते फलनिष्पत्तीशी जोडण्यात आले.

मात्र फळावर मोबदला ठरला की संस्था फळ सहज देणारेच उमेदवार निवडू लागते. जो प्रशिक्षणाविनाही कामाला लागला असता, तोच यादीत वर येतो आणि ज्याच्यासाठी योजना आखली तो दाराबाहेर राहतो. दुधावरची साय तेवढी काढून घेण्याचाच हा प्रकार. तो रोखण्यासाठी या योजनेत अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के व अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के तरतूद राखून ठेवण्यात आली. लाभार्थींत एक तृतीयांश महिला असाव्यात, अशी अट घालण्यात आली. सर्वसाधारण वयोमर्यादा १५ ते ३५ वर्षे असली तरी महिला, अपंग व अन्य वंचित गटांसाठी ती ४५ पर्यंत शिथिल केली गेली. तथापि टक्केवारीने गट ठरतो, त्या गटातील सर्वांत गरजू व्यक्ती ठरत नाही. तिची ओळख गावालाच असते. म्हणून ग्रामपंचायत आणि स्वयंसहाय्यता गट यांचा निवडीतील सहभाग महत्त्वाचा ठरतो.

खरी कसोटी नियुक्तीनंतर लागते. गाव सोडून दूरच्या शहरात गेलेल्या तरुणाचा पहिला पगार खोलीभाड्यात व खाणावळीत संपतो. घरी पाठविण्यास काही उरले नाही तर तो परततो. सन २०१४ च्या रचनेत याचा विचार होता : नियुक्त उमेदवाराला दरमहा १,००० रुपयांचे साहाय्य, जिल्ह्यात नोकरी लागल्यास दोन महिने, जिल्ह्याबाहेर पण राज्यातच लागल्यास तीन महिने आणि राज्याबाहेर सहा महिने. अंतराप्रमाणे मुदत वाढविणारी ही तरतूद लहान दिसते, पण स्थलांतराचा खर्च ओळखणारी आहे.

स्वयंरोजगाराच्या शाखेत गणित निराळे असते. १९८२ मध्ये कर्नाटकातील उजिरे येथे धर्मस्थळच्या शिक्षण संस्थेने सिंडिकेट व कॅनरा या बँकांसह सुरू केलेल्या प्रयोगातून पुढे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचे (आरसेटी) प्रतिरूप घडले. परीक्षार्थी या दोन योजनांची अनेकदा गल्लत करतात. पहिलीत मालक शोधावा लागतो, तर दुसरीत कर्ज. आरसेटी बँकांकडून चालविली जाते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे उद्योजकाचा पाठपुरावा करते, कारण म्हशींचा गोठा किंवा दुरुस्तीचे दुकान तीन महिन्यांत स्थिरावत नाही.